चंदेरी पानांची आल्पाइन यारो बेळगावच्या हवेत जगेल का? (दगडी बागेसाठी)

शहापूरची परसबाग

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रियात साल्झबुर्गला असतो. डोंगरात भटकायला गेला की झाडांचे फोटो पाठवतो. या खेपेला त्यानं एका झाडाचे फोटो पाठवलेत आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. चुनखडीच्या खडकाला पडलेल्या भेगेतून वर आलेला जेमतेम वीतभर उंचीचा गठ्ठा, पानं अंगाला राख फासावी तशी, आणि वर पांढऱ्या फुलांचे छोटे झुबके. नाव अ‍ॅकिलिया क्लॅव्हेनी. यारो नावाच्या फुलझाडाच्याच जातीतली आहे म्हणे.

आमच्या परड्यातली जुनी भिंत पाडली, तिचे जांभ्याचे चिरे तसेच पडून आहेत. घरातले म्हणतात विकून टाक. मला त्यांची दगडी बाग करायची आहे आणि मधोमध हे झाड हवंय. तर विचारते: बेळगावात हे जगेल का? चिरे चालतील का? भाऊ दिवाळीला येणार आहे, बी आणायला सांगू का?

हिंदवाडीकर

ताई, रॉक गार्डन म्हणजे शिग्गावजवळ गोटगोडीला आहे तसं का? उत्सव रॉक गार्डन. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, छान आहे.

शहापूरची परसबाग

नाही ओ, ते शिल्पांचं. बघण्यासारखं आहेच, पण मी म्हणते ती बाग म्हणजे दगडांच्या फटीत डोंगरी झाडं लावायची. दगड असे रचायचे की पाणी थांबू नये आणि झाडाची मुळं खाली गारव्यात जावीत.

सडाप्रेमी

परसबागताई, धागा काढलात ते फार बरं झालं. खानापूरच्या बाजूला वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि दगडावर वाढणारी झाडं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. जरा सविस्तर लिहितो.

ही यारो पूर्व आल्प्समध्ये आणि तिथून खाली बाल्कनच्या डोंगरांत वाढते. साधारण दीड ते अडीच हजार मीटरवर, चुनखडीच्या कड्यांत, दगडचुऱ्याच्या उतारांवर आणि उघड्या गवताळ जागी. उंची 10 ते 25 सेंटिमीटर. कुळ सूर्यफुलाचं. इटलीत बेल्लुनो गावी निकोलो कियावेन्ना नावाचा औषधविक्या होता. 17व्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं या झाडावर एक पुस्तिकाच लिहिली, पोटाच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. पुढं 1753 मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं या झाडाला त्याचंच नाव दिलं.

आता पानांचं. ती मुळात हिरवीच असतात. वरून बारीक रेशमी लव दाट असते म्हणून चंदेरी दिसतात. उंचावरचं ऊन प्रखर असतं, त्यातलं बरंचसं ही लव परतवून लावते. वारा सतत वाहतो, पण लवेमुळं पानालगत हवेचा एक स्थिर थर राहतो आणि पानातलं पाणी लवकर उडत नाही. कोरडा वारा, कडक ऊन, पाणी झरकन वाहून जाणारा दगड, अशा जागेसाठी ते पान घडलंय.

नेमकी इथंच आपली अडचण आहे. ही लव भिजली की भिजलेलीच राहते. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत पान वाळायला उसंतच मिळत नाही. बुरशी धरते, गठ्ठा मधून काळा पडायला लागतो आणि खोड जमिनीला टेकतं तिथं कुजतं. लोक म्हणतात बेळगावात बर्फ नाही, थंडी कमी पडेल. थंडीची काळजी नंतर करू. पहिला वैरी पाऊस.

निपाणीकर वहिनी

सर, यारो आमच्याकडं कुंडीत होती की. पांढरी फुलं यायची, पानं शेपूसारखी चिरलेली. दोन पावसाळे काढले तिनं. मग ही का नाही जगणार?

सडाप्रेमी

वहिनी, तुमची ती साधी यारो, अ‍ॅकिलिया मिलेफोलियम. ती आपल्या हिमालयातही आहे, काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत. युनानी वैद्य तिला बिरंजासिफ म्हणतात. ती माळरानाची, गवतात वाढणारी, मातीतून पसरणारी काटक बाई आहे. हिचा स्वभाव वेगळा. ही एका जागी गठ्ठा करून राहते, हळू वाढते, आणि खतमाती मिळाली तर बिघडते. भरपूर शेणखत घातलंत तर पानं लांब, ढिली आणि हिरवी होतील, चंदेरीपण जाईल आणि पहिल्या ओलीत झाड बसेल. दोघींचं आडनाव एक म्हणून घर एक नव्हे.

अथणीचा माळ

मग आमच्याकडं लावा की! बेळगाव शहरात तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कणकुंबीला तीन हजाराच्या वर, आणि आमच्या अथणीत शहराच्या निम्म्याहून कमी. सर म्हणतात तसं पाऊसच वैरी असेल तर अथणी, कागवाड, रायबाग हा पट्टा हिच्यासाठी स्वर्ग झाला.

सडाप्रेमी

अथणीकर, तुमचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. पाऊस कमी, हे बरोबर. पण तुमची जमीन काळी. पावसात ती फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळते. त्या मातीत हिची मुळं एका हंगामात जातील. दगडचुऱ्याचा उंच वाफा केलात तर हा प्रश्न सुटतो.

दुसरा प्रश्न रात्रीचा. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडं पारा चाळिशीकडं जातो आणि रात्रीही हवा तापलेली असते. आल्प्समध्ये भर उन्हाळ्यातसुद्धा रात्री गारठा असतो. दिवसा उन्हात झाड जे कमावतं ते उबदार रात्री श्वसनात खर्च होतं. डोंगरी झाडं मैदानात आली की हळूहळू खंगतात, त्याचं मोठं कारण हे आहे. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिथं उन्हाळ्याच्या रात्री बऱ्याच सुसह्य असतात. म्हणून मला विचाराल तर हवा बेळगावची आणि पाऊस अथणीचा, असं जमवायला हवं. म्हणजेच बेळगावात, पण छपराखाली.

टेम्सकाठचा बेळगावकर

मूळचा अनगोळचा, सध्या लंडनजवळ. इथल्या क्यू उद्यानात 2006 साली खुलं झालेलं डेव्हिस अल्पाइन हाउस आहे. काचेची उंच कमान. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, डोंगरी झाडांना थंडी वाजू नये म्हणून काचघर असणार. आत गेल्यावर कळलं की प्रकार उलटा आहे. काच आहे ती इंग्लंडचा हिवाळी पाऊस अडवायला. आणि झाडं तापू नयेत म्हणून जमिनीखालच्या काँक्रीटच्या बोळांतून हवा फिरवून गार करतात आणि ती खालून झाडांवर सोडतात. गरम हवा वरच्या झडपांतून निघून जाते. वातानुकूलन यंत्र नाही.

आल्प्समध्ये हिवाळाभर ही झाडं बर्फाखाली झाकलेली असतात. तिथं गार असतं पण पाणी वाहत नसतं, झाड झोपलेलं असतं. इंग्लंडमध्ये बर्फाऐवजी डिसेंबरभर रिपरिप. त्यात चंदेरी पानांची झाडं कुजतात. इथले बागवाले हिवाळ्यात अशा गठ्ठ्यावर नुसती एक काच तिरकी धरतात, चारी बाजू उघड्या. वारा हवा, पाणी नको. आपल्या पावसाळ्यालाही हाच न्याय लावून बघा.

शहापूरची परसबाग

टेम्सकाठचे दादा, हे फार उपयोगी सांगितलंत. माझ्या परड्याच्या पूर्वेला पत्र्याची पडवी आहे. सकाळी दहा-अकरापर्यंत ऊन येतं, दुपारनंतर सावली. पण पागोळ्या पडतात. तिथं जमेल का?

सडाप्रेमी

पूर्वेचं ऊन उत्तम. पागोळीच्या आत हातभर जागा सोडा, शिंतोडा उडता कामा नये. पत्रा खाली असेल तर एप्रिलमध्ये त्याची धग झाडावर येईल, तेव्हा वर गवताचा किंवा नारळाच्या झावळ्यांचा थर टाका. बाजू बंद करू नका. प्लास्टिक गुंडाळून कोंदट केलंत तर उघड्या पावसापेक्षा लवकर मरेल.

खडेबाजार

बियांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. परदेशातून बी किंवा रोप आणायला प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, 2003 लागू होते. आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत चार पुड्या टाकून आणणं नियमात बसत नाही. "इवलंसं बी आहे, काय होतंय" असं म्हणू नका. गाजरगवत असंच धान्याबरोबर आलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. तेही याच कुळातलं.

शहापूरची परसबाग

बरं झालं सांगितलंत. भावाला तसं कळवते. रीतसर मागवणाऱ्या बियाणेवाल्याकडं चौकशी करेन.

सडाप्रेमी

खडेबाजार यांचं अगदी बरोबर. आणि भावाला हेही सांगा की डोंगरातलं झाड उपटायचं नाही, फुलंही तोडायची नाहीत. बागेसाठी हिला आणि हिच्या बहिणींना युरोपातल्या रोपवाटिका वाढवतात. बाल्कनमधली अ‍ॅकिलिया अ‍ॅजेराटिफोलिया ही अशीच चंदेरी आणि बुटकी. तिची पानं अरुंद, कडेला बारीक दातेरी. क्लॅव्हेनीपेक्षा ती सांभाळायला सोपी समजतात. बी मिळवताना दोन्ही नावं लिहून द्या.

जांबोटी वाट

मला एक मनापासून विचारायचंय. रागावू नका ताई. आपल्या दाराशी चोर्ल्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथं जांभ्याच्या कातळावर वीतभर माती नसलेल्या जागी सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात, गेंदाची पांढरी बटणं उभी राहतात, दवबिंदूची लाल पानं किडे धरतात. ही आपली दगडी बाग. ती सोडून आल्प्सचं आजारी पडणारं झाड कशाला जपायचं?

शहापूरची परसबाग

रागावत नाही. तुम्ही लिहिलेलं वाचून मलाच तिकडं जावंसं वाटलं. पण मला हे झाडही हवंय. भाऊ दूर राहतो. त्यानं जे पाहिलं ते माझ्या दारात असावं, एवढंच त्यामागं आहे.

सडाप्रेमी

जांबोटीकर, सड्यावर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे, नावातच घेतलंय मी ते. पण या दोन बागांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत, आणि ते कळलं की ताईंच्या चिऱ्यांचा प्रश्नही सुटतो.

जांभा म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं उरलेला दगड. त्यातला चुना हजारो पावसाळ्यांत धुऊन गेलाय. त्यावरची माती आम्लधर्मी, अन्नद्रव्यं अगदी कमी. सड्यावरची झाडं त्याच उपासावर जगायला शिकली आहेत. दवबिंदू किडे खातो तो याच कारणानं. शिवाय जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी पिऊन चिंब राहतो, त्यावर शेवाळ धरतं. क्लॅव्हेनीला हवा चुना आणि हवा निचरा. चिंब जांभ्याला टेकवून लावलीत तर ती दोन्हीकडून मार खाईल.

म्हणून ताई, चिरे विकू नका. उघड्यावरची बाग चिऱ्यांची करा. पहिल्या पावसात त्यावर शेवाळ येईल, नेचे आपोआप उगवतील, रोपवाटिकेतला तेरडा फटीत टाका. मात्र सड्यावरून काही उपटून आणू नका. ती झाडं परड्यात जगत नाहीत आणि तिकडचा बराचसा भाग भीमगड अभयारण्याच्या आसपासचा आहे. क्लॅव्हेनीची जागा वेगळी: पडवीत, चुनखडीत.

हिंदवाडीकर

सर, बेळगावात चुनखडी कुठून आणायची? यादवाडला खाणी आहेत, पण तिथून कोण चार पाट्या देणार?

सडाप्रेमी

यादवाडला जायची गरजच नाही. शहाबादी फरशी ही चुनखडीच आहे. ओट्याचा काळा कडप्पाही चुनखडीच. लिंबाचा रस सांडला की त्यावर पांढरट डाग उठतो आणि मग घासून जात नाही, हे घरोघरी माहीत आहे. आम्ल चुन्याला खातं, त्याचा तो डाग. खात्री करायची तर फरशीच्या तुटक्या कडेवर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाका, हातमोजे घालून. फेस आला की काम झालं.

फुटक्या फरशीचे तुकडे उभे रचायचे, एकमेकांना समांतर, मध्ये बोटभर फट. आडवे रचू नका, पाणी अडतं. उभ्या फटीतून पाणी सरळ खाली जातं आणि मुळंही त्याच वाटेनं खोल जातात. हा वाफा जमिनीपासून किमान गुडघाभर उंच हवा, तळाला विटांचे आणि दगडांचे तुकडे. भरायला बारीक खडी आणि चाळलेली भरड वाळू मिळून तीन हिस्से, साधी माती एक हिस्सा. कोकोपीट नको, गांडूळखत नको. रोप बसवलं की गळ्याभोवती दोन बोटं जाडीचा फरशीच्या चुरीचा थर द्या. पानं मातीला टेकता कामा नयेत, चुरीला टेकावीत. एवढं एक पाळलंत तरी निम्मं कुजणं थांबेल.

वाफा नको असेल तर मातीची खोल कुंडी घ्या, सिमेंटची किंवा प्लास्टिकची नको. ती दुसऱ्या मोठ्या, ओल्या वाळूनं भरलेल्या पसरट भांड्यात गळ्यापर्यंत पुरा. पाणी बाहेरच्या वाळूला घालायचं. भाजलेल्या मातीतून ओल आणि गारवा दोन्ही आत जातात, पानांना थेंब लागत नाही.

अथणीचा माळ

सर, पेरायचं कधी? पावसाळ्याच्या तोंडावर?

सडाप्रेमी

अजिबात नको. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास. बी अगदी बारीक असतं. वाळूवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही, उजेड लागतो. पाणी खालून द्यायचं, परातीत कुंडी ठेवून. आपल्या नोव्हेंबरची हवा उगवणीला चांगली. मग फेब्रुवारीपर्यंत गार रात्री मिळतात, तेवढ्यात मूळ खाली जायला हवं. मार्चपासून दुपारची सावली. जूनमध्ये छपराखाली असेलच. झाड मोठं झालं की दर जानेवारीत काही फुटवे काढून वाळूत लावून ठेवा, म्हणजे मूळ झाड पावसाळ्यात गेलं तरी वाण जात नाही.

फुलांबद्दल आधीच सांगतो. साध्या यारोला फुलायला लांब दिवस लागतात, हिचाही कल तसाच धरून चला. आल्प्समध्ये जूनचा दिवस सोळा तासांच्या जवळ जातो, आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा. शिवाय बर्फाखालची ती लांब झोप आपण देऊ शकत नाही. तेव्हा फुलं आली तर आनंद, पण झाड लावायचं ते पानांसाठी.

निपाणीकर वहिनी

तोपर्यंत चंदेरी पानांचं दुसरं काही सुचवा की सर. अक्कांचा वाफा वर्षभर रिकामा राहायला नको.

सडाप्रेमी

वहिनी, तुमच्या घरातून चैत्रात जोतिबाला कोणी जातं का?

निपाणीकर वहिनी

दरवर्षी! सासूबाई दवणा आणल्याशिवाय परतत नाहीत.

सडाप्रेमी

तोच लावा. दवणा, आर्टेमिसिया पॅलेन्स. करडी-चंदेरी, बारीक चिरलेली पानं, लवेनं झाकलेली. यारो, शेवंती आणि दवणा ही सूर्यफुलाच्या कुळातल्या एकाच गटातली. गंमत बघा, बेल्लुनोच्या त्या औषधविक्यानंही क्लॅव्हेनीला दवण्याच्याच जातीतलं, छत्रीसारख्या फुलोऱ्याचं झाड मानलं होतं. पान चुरगाळून वास घ्या, त्याला तसं का वाटलं ते कळेल.

दवण्याचं वेळापत्रकही आपल्याला शिकवतं. कर्नाटकातले शेतकरी तो पाऊस सरल्यावर लावतात आणि उन्हाळा तापायच्या आत कापतात. भर पावसात तो टिकत नाही. चंदेरी पानांसाठी आपल्या भागात वर्षाचा नेमका तोच तुकडा मोकळा आहे.

दवण्याचं आयुष्य एकाच हंगामाचं. कायमस्वरूपी हवं तर माळावरची विष्णुक्रांता बघा. जमिनीसरपट, अंगावर रेशमी लव, निळी इवली फुलं. कापूरमाधुरीही चालेल, पांढुरकी लोकरी फुलं वर्षातला बराच काळ असतात. दोन्ही आपल्या पावसाला सरावलेल्या. फक्त मोकळ्या उन्हात, मुरमाड जागी लावा. रोपवाटिकेत डस्टी मिलर नावाचं झाड मिळतं, तेही हिवाळ्यापुरतं छान दिसतं.

हिंदवाडीकर

यारो औषधी असते म्हणतात. आमच्या मांजरांनी खाल्ली तर?

सडाप्रेमी

मांजर, कुत्रं, घोडा यांना यारो बाधते, तेव्हा कुंडी उंचावर ठेवा. माणसांतही शेवंती किंवा गाजरगवतानं ज्यांच्या अंगावर पुरळ येतं त्यांनी हातमोज्याशिवाय हाताळू नये. आणि औषध म्हणून घरच्या घरी काढा करून पिऊ नका, विशेषतः गरोदर बायकांनी.

शहापूरची परसबाग

सर, सगळं वहीत उतरवून घेतलं. चिरे विकायचे नाहीत हे घरात सांगून टाकलंय. पडवीत गुडघाभर वाफा बांधायला गवंडी येतोय. यंदा त्यात दवणा, बी रीतसर मिळालं की क्लॅव्हेनी; विष्णुक्रांता बाहेर मोकळ्या उन्हात. एकच अडलंय, फरशीची चुरी कुठं मागायची? दुकानदार हसतात.

फरशीवाला

अक्का, दुकानात नको, वखारीत जा. फरशी कापतात तिथं तुकड्यांचा ढीग असतोच, तो आम्हालाही नकोच असतो. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. ग्रॅनाइट आणि शहाबादी एकाच ढिगात टाकतात, तेव्हा फिकट राखाडी, पापुद्र्यानं फुटलेले तुकडे वेचून घ्या. आणि कापायच्या यंत्राखालचा ओला गाळ कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो वाळला की घट्ट बसतो, पाणी आत जात नाही. तुकडे घरी हातोडीनं फोडा, डोळ्याला चष्मा लावून, पोत्यात घालून. मग गव्हाच्या चाळणीनं चाळा. चाळणीवर राहील ते तुमच्या कामाचं.